कुणीतरी ते ताट आत सरकवा

सतराव्या शतकातल्या डच चित्रांत पूर्ण सोललेलं लिंबू शोधून दाखवावं, असं माझं आव्हान आहे. हार्लेमचे विलेम हेडा आणि पीटर क्लास घ्या, नाहीतर अ‍ॅमस्टरडॅमचे विलेम काल्फ घ्या. लिंबू निम्मं सोलून सोडून दिलेलं, साल वेटोळं घालत टेबलाखाली लोंबतेय. शेजारी चांदीचा पेला आडवा, पाव कुणीतरी तोडून तसाच टाकलाय, सुरीची मूठ टेबलाबाहेर आलीय आणि ती मळकट चंदेरी बशी कडेवरून अशी पुढे आलीय की आता पडते का मग. चित्रात माणूस एकही नाही. कलासमीक्षक अशा वेळी विचारतात, जेवणारा उठून गेला कुठे? मला वेगळा प्रश्न पडतो. हे आवरायला कुणी नाही का?

हा प्रश्न मला पडायचं कारण म्हणजे हल्ली हाच देखावा आमच्या डोंबिवलीच्या घरात, जेवणाच्या टेबलावर मांडलेला असतो. नवरा बँकेतून निवृत्त झाला. निवृत्तीनंतर माणसं काय काय करतात! कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, कुणी होमिओपॅथीची पुस्तकं आणून नातेवाइकांवर प्रयोग करतो, कुणी पहाटे बागेत जाऊन कारण नसताना हसतो. आमच्याकडे कॅमेरा आला, मागोमाग ट्रायपॉड आला आणि जुन्या चित्रकारांच्या धर्तीवर स्थिरचित्रांचे फोटो सुरू झाले. बाकीच्यांच्या मानाने हा छंद बरा. आवाज नसतो. जेवायला मात्र आम्ही सोफ्यावर बसतो.

शाळेत इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलेल्यांना वाटेल, त्यात काय विशेष? एक तांब्या, दोन कांदे, एक वांगं, मागे चुण्या पाडलेला पडदा, झालं स्थिरचित्र. तसं नाही. त्या परीक्षेत मांडणी ड्रॉइंगचे सर करून ठेवत आणि कांदा हलला तर त्यांना रागावता येई. इथे सगळं आपणच करायचं आणि रागावायचं घरच्यांवर.

आडवं पहिल्यांदा आलं ते लिंबूच. आपलं कागदी लिंबू नावाला जागतं. सुरी लावली की साल बोटभर निघते आणि तुटते, रस डोळ्यात जातो तो वेगळाच. डच चित्रांतलं लिंबू भूमध्य समुद्राच्या बाजूने जहाजाने येई. मोठं, पिवळंधमक, जाड सालीचं. त्याची साल एका सलग पट्टीत निघते, खालचा पांढरा गर दिसतो आणि खडबडीत पिवळं, मऊ पांढरं आणि आतल्या ओल्या फोडी असे तीन पोत चित्रकाराला एकाच फळात रंगवून दाखवता येतात. गिऱ्हाइकाने म्हणावं, काय हात आहे! तेवढ्यासाठी लिंबू. शेवटी नवऱ्याने ईडलिंबू शोधून आणलं. मी त्याच्या लोणच्याची तयारी करीपर्यंत ते टेबलाच्या कडेला लोंबकळायला लागलं होतं. साल तासाभरात सुकून आकसते, म्हणून तिच्यावर ग्लिसरीन आणि पाण्याचा फवारा. द्राक्षांवरही तोच, टवटवी दिसावी म्हणून. सकाळी पोह्यांवर पिळायला लिंबू घेतलं की आता आधी विचारावं लागतं, “अहो, हे खायचं आहे की कामाला लावलंय?”

पण लिंबू कितीही नाठाळ असलं तरी त्याच्याशी वाद घालावा लागत नाही. बशीचं तसं नाही.

ती बशी टेबलाच्या कडेबाहेर का असते, याला उत्तर आहे. बशीची सावली टेबलाच्या उभ्या कडेवर पडते आणि बशी चित्राच्या चौकटीतून आपल्या बाजूला आल्यासारखी वाटते. सुरी तिरकी ठेवली की नजर मुठीपासून पात्यावरून सरकत मागच्या पेल्यापर्यंत जाते आणि सपाट फळीवर हातभर खोली तयार होते. शिवाय पडण्याचा धाक. नीट आत ठेवलेल्या बशीकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, पडायच्या बेतातल्या बशीवरून नजर हलत नाही. हेडाने ही युक्ती अशी वापरली आहे की चारशे वर्षं होत आली तरी माणसं संग्रहालयात तिच्यासमोर श्वास रोखून उभी राहतात.

आमच्या घरात कुणी उभं राहत नाही. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, हातात वॉकर, खोलीतून देवघराकडे जायचा त्यांचा रस्ता टेबलावरून जातो. जाताना त्या बशी आत सरकवतात. येताना सुरीची मूठ आत घेतात. पुढच्या फेरीला पेला उभा करतात.

“आई, ते तसंच पाहिजे.”

“मेल्या, ताट पडतला मरे!”

“पडेलसं वाटावं म्हणूनच ठेवलंय.”

“मगे पाडून टाक एकदाचा आणि मोकळो हो!”

त्यांची चूक नाही. ज्या घरात पोरं, मांजरं आणि उष्टी भांडी एकाच वेळी वावरली त्या घरातल्या बाईचा हात कडेवरच्या ताटाकडे आपोआप जातो. मीही एकदोनदा सरकवलं आहे. भांडी घासणाऱ्या मावशींनी तर एका सकाळी सगळी मांडणीच उचलून घासायला नेली. अर्धवट खाल्लेला पाव, सांडलेले बदाम, लवंडलेला पेला, काळ्या पडलेल्या पितळी तांब्याखाली चुरगळलेला रुमाल. त्यांनी काय समजायचं? तांब्या गावाकडून मुद्दाम आणलेला. त्याच्यावर कित्येक वर्षांची काळपट झाक होती आणि त्या झाकेसाठीच तो डोंबिवलीला आला होता. मावशींनी पितांबरी लावून तो लखलखीत केला, जागेवर आणून ठेवला आणि म्हणाल्या, “दादा, आता काढा फोटो. आधी काय ते घाण दिसत होतं.”

घरातला पसारा आम्हाला फुकट मिळतो, पण तो फोटोत घेण्यासारखा नसतो. रिमोट, औषधाच्या पट्ट्या, लाइटबिल, कुणाचा तरी एक मोजा. आणि फोटोत घेण्यासारखा पसारा मांडायला पूर्ण सकाळ जाते. पावाचे कण चिमट्याने पसरावे लागतात. डच चित्रकार सहज उठून गेल्यासारखं काही रंगवत नव्हते, ते चक्क नाटक करत होते, हे मला त्या चिमट्यामुळे कळलं.

या नाटकात सगळ्यात बेइमान पात्र म्हणजे स्टील. डच बशा कथलाच्या मिश्रधातूच्या; प्रकाश त्यांच्यावर पडतो आणि मऊ होऊन राहतो. आपली स्टीलची वाटी सगळं जसंच्या तसं दाखवते. एका फोटोत द्राक्षं अप्रतिम आली होती, मागचा अंधारही थेट काल्फचा. वाटी मोठी करून पाहिली तर तिच्यात पंखा, ट्यूबलाइट, भिंतीवरचं घड्याळ आणि या सर्वांच्या मधोमध बनियनमधला नवरा, पोट विशेष फुगून आलेलं. काचेच्या पेल्याची आणखी वेगळी तऱ्हा. डच पेल्याच्या फुगवट्यावर खिडकीचं चौकोनी प्रतिबिंब असतं, तावदानांसकट. आमच्या पेल्यातही खिडकी आली. खिडकीला ग्रिल, ग्रिलला दोरी आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे, मोजता येतील इतके स्वच्छ.

याला नवऱ्याने आधार शोधून काढला. अँटवर्पची क्लारा पेटर्स नावाची चित्रकार होती. तिचं १६१५च्या सुमाराचं चीज, बदाम आणि बिस्किटांचं चित्र हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. त्यातल्या सुरईच्या झाकणात बारीक निरखून पाहिलं तर तिचा स्वतःचा चेहरा आहे. इतर चित्रांतही पेल्यांच्या फुगवट्यांवर ती अशीच बसलेली सापडते. बाईला चित्रकार म्हणून फारसं कुणी विचारत नव्हतं त्या काळात तिने भांड्यांत स्वतःची नोंद करून ठेवली. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने एका स्त्रीचं स्वतंत्र प्रदर्शन पहिल्यांदा भरवलं ते २०१६ साली, आणि ते तिचंच. नवऱ्याचं म्हणणं, त्याचंही प्रतिबिंब त्याच परंपरेत बसतं. मी म्हटलं, क्लाराबाई निदान नीट कपडे घालून बसायच्या.

प्रकाशाबद्दल मात्र मी थट्टा करणार नाही, कारण त्यात खरंच काहीतरी आहे. एकच खिडकी, तीही डावीकडे. घरातले बाकी सगळे दिवे बंद. उजवीकडे काळा कार्डपेपर उभा करायचा, म्हणजे भिंतीवरून परतणारा प्रकाश तो खातो आणि सावली सावलीच राहते. मागे काळं सुती कापड. त्यासाठी माझी संक्रांतीची चंद्रकळा गेली. आयएसओ १००, छिद्र एफ ११, शटर चार सेकंद. चार सेकंद म्हणजे पंखा बंद, कारण द्राक्षाचं पान हलतं. चालायचं नाही, कारण टेबल हलतं. फास्ट लोकल गेली की पेल्यातलं पाणी थरथरतं, म्हणून वेळापत्रक बघून फोटो. मे महिन्यात डोंबिवलीत पंखा बंद करून कलेची सेवा करणाऱ्याला घामाचं ग्लिसरीन वेगळं लागत नाही. पण जुलैत आभाळ भरून आलं, की खिडकीतून जो राखाडी, सायीसारखा उजेड येतो, तो हॉलंडहून आणल्यासारखा असतो. तेव्हा साधा शिळा पाव आणि अंड्याची टरफलंसुद्धा अशी दिसतात, की मी स्वतः पंखा बंद करून बाजूला उभी राहते.

बाजारहाट मात्र अवघड झाला आहे. मिलानला कारावाज्जोने रंगवलेली फळांची टोपली आहे, साधारण १५९९ची. तिच्यातल्या सफरचंदाला कीड लागलेली आहे आणि पानं सुकून वळलेली आहेत. आमच्याकडची सफरचंदं मेणाने चकाकणारी, वर स्टिकर. तेव्हा नवरा भाजीवाल्याकडे किडकं सफरचंद मागायला गेला.

“किडकं? चांगलं घ्या की साहेब.”

“चांगलं नको. भोक दिसायला पाहिजे. आणि एक पान जोडलेलं असेल तर बघा.”

भाजीवाल्याने क्षणभर विचार केला, टोपलीखालून एक काढलं आणि चांगल्यापेक्षा पाच रुपये जास्त सांगितले. गिऱ्हाइकाला नेमकं काय हवं ते एकदा कळलं की भाव ठरलेलाच.

हार्लेमच्या या मंडळींच्या चित्रांत मला सर्वांत आवडतं ते काय सांगू? मिरपुडीची पुडी. सोन्याचा मुलामा दिलेले पेले, कालवं, उंची काच, आणि त्यांच्यामध्ये छापील पंचांगाच्या जुन्या पानाची गुंडाळलेली पुडी, तोंडातून मिरपूड सांडलेली. इतक्या श्रीमंतीत मिरीला एक वाटी मिळू नये? पण मिरी आलेली असे आपल्याकडच्या समुद्रांतून. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७च्या सुमारास वेंगुर्ल्याला वखार घातली. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. माझं सासर तिथून जवळ. सासऱ्यांच्या लहानपणी गावात सगळं पुडीतूनच येई. आता किराणा प्लॅस्टिकच्या सीलबंद पाकिटांत येतो, त्यामुळे नवऱ्याने पुडी घरीच केली, भिंतीवरच्या कॅलेंडरची. गेला महिना फाडला असता तर चाललं असतं, पण त्याच्यावर दुधाचा हिशेब होता. फाडला तो पुढचा.

मग स्पॅनिश प्रकरण सुरू झालं. हुआन सांचेझ कोतान. त्याचं १६०२च्या सुमाराचं चित्र अमेरिकेत सॅन दिएगोला आहे: काळ्याकुट्ट खिडकीत एक क्विन्स नावाचं फळ आणि एक कोबी दोरीने टांगलेले, खाली चिरलेलं खरबूज आणि काठाबाहेर आलेली काकडी. स्पेनमध्ये त्या काळी फळं-भाज्या टिकाव्यात, उंदरांनी खाऊ नयेत म्हणून कोठारात अशाच टांगत. नवऱ्याने पेरू आणि कोबी टांगला. शेजारच्या वहिनी साखर मागायला आल्या, खिडकीतला कोबी पाहून थबकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “कोणाकडे दाखवलंत? गुण येतोय का?” आमच्या मजल्यावर अजून दोन घरी कोबी टांगला गेला असता, पण मी वेळेवर खुलासा केला.

सासूबाईंना मात्र हे चित्र बघताक्षणी समजलं. “ही माटवी,” त्या म्हणाल्या. कोकणात गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घड, कवंडळं, तवशी, आंब्याचे टाळे बांधतात. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. सत्तर वर्षं माटवी बांधणाऱ्या बाईने वॉकर बाजूला ठेवून लेकाच्या दोऱ्यांची लांबी बदलायला लावली, पेरू खाली आणि कोबी वर. कोतानच्या चित्रात याच्या नेमकं उलटं आहे, उंच क्विन्स आणि तिथून उतरत येणारी रांग. पण त्यांच्या हाताखालून गेल्यावर मांडणी डोळ्याला भरली, हे नवऱ्यालाही नाकारता आलं नाही. एकच गोष्ट त्यांना शेवटपर्यंत पटली नाही. “माटवेक कोबी कोण बांधता?”

मला पटली नाही ती दुसरीच गोष्ट. हा कोतान ती चित्रं काढल्यावर वर्ष-दोन वर्षांत सगळं आवरून कार्थुशियन मठात बंधू म्हणून दाखल झाला. नवरा कोबी टांगू लागला तेव्हा हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. अजून तरी तो रात्री जेवायला घरी असतो.

फ्रेंच चित्रकार सेझान फळांखाली नाणी ठेवून त्यांना हवं तसं कलतं करायचा. आमच्या टोमॅटोंखाली रुपये निघतात ते त्यामुळे. कवटी, विझलेली मेणबत्ती आणि वाळूचं घड्याळ मांडून माणसाला मरणाची आठवण करून देणारा एक वेगळाच प्रकार आहे, तो आमच्या घरात बंद आहे. सासूबाईंसमोर कवटी मांडायची कुणाची छाती नाही.

फुलांचा घोळ असा की डच फुलदाणी ही मुळातच थाप आहे. तिच्यात वसंतातले ट्यूलिप आणि उन्हाळ्यातले गुलाब शेजारी शेजारी फुललेले असतात. एका सकाळी ते सगळे कुठल्याही बागेत मिळत नसत. चित्रकार एकेक फूल त्याच्या मोसमात रंगवून ठेवत. यान व्हान हाउसम या फुलांच्या चित्रकाराने १७४२ साली एका गिऱ्हाइकाला पत्राने कळवलं होतं की पिवळा गुलाब मिळाला नाही, तेव्हा चित्र पुढच्या वर्षीच पुरं होईल. हे वाचून नवऱ्याची भीड चेपली. त्याने मोगरा एप्रिलमध्ये टिपला, तेरडा श्रावणात, शेवंती थंडीत, आणि त्याच तांब्यात, त्याच खिडकीजवळ टिपलेले सगळे फोटो कॉम्प्युटरवर एकत्र बसवले. फोटोक्लबात कुणीतरी म्हणालं, ही फसवणूक आहे. माझं मत नवऱ्याच्या बाजूने आहे. फसवणूक असेल तर ती तीनशे वर्षं जुनी आणि संग्रहालयात टांगलेली आहे.

तसंही कॅमेऱ्याचं आणि या मांडण्यांचं नातं जन्मापासूनचं. १८३७ साली फोटोग्राफीचा आद्य संशोधक दागेरने पॅरिसमध्ये जो फोटो काढला त्यात त्याच्या स्टुडिओचा कोपरा आणि प्लास्टरची मस्तकं आहेत. प्रकाशाला काचकूच करत पाटीवर बसायला इतका वेळ लागे की समोर माणूस ठेवणं परवडत नसे. प्लास्टरच्या डोक्याला भूक लागत नाही, ते हलत नाही आणि कोणी त्याला आत सरकवत नाही.

या सगळ्यात सर्वात महाग पात्र म्हणजे शेवंड. काल्फच्या लंडनमधल्या चित्रात गालिचा, चांदीने मढवलेलं म्हशीच्या शिंगाचं पानपात्र आणि पुढ्यात लालभडक शेवंड आहे. ते लाल असण्यातच सगळा घोटाळा आहे. जिवंत शेवंड काळपट असते, उकडल्यावर लाल होते. म्हणजे फोटोसाठी ती शिजवायलाच हवी, आणि शिजवलेली शेवंड टेबलावर ठेवून काळे कार्डपेपर लावत, प्रकाश मोजत, लोकल जायची वाट पाहत राहायचं. घरभर वास, सोलकढी तयार, सासूबाई पानावर बसलेल्या. नवरा म्हणतो, अजून दहा मिनिटं, सावली यायचीय.

ओरी गेर्श्ट नावाचा कलाकार आहे. त्याने २००६ साली कोतानच्या धर्तीवर डाळिंब टांगलं, त्याच्यातून बंदुकीची गोळी पार केली आणि दाणे उडतानाचं अतिशय सुंदर चित्रीकरण केलं. हे नाव मी घरात उच्चारत नाही. तुम्हीही आमच्याकडे आलात तर उच्चारू नका.

तुम्हाला स्वतःला हे करून बघायचं असेल तर जरूर बघा. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर ही चित्रं मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतात. पडद्यावर मोठी करून प्रतिबिंबं कुठे आहेत, सावल्या कुठल्या बाजूला आहेत, ते आधी नीट पाहा. ईडलिंबू दोन आणा, एक लोणच्याला. फोटो पावसाळ्यात काढा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. आणि शेवंड आणलीत, तर सावली येवो न येवो, गरम असताना पानात वाढा.